तारीख बाहेरच्या बाजूला

ओह्रिद, तळ्याकाठचा तुमचा कॅम्प
गुरुवार, दुपारचे पावणेबारा

प्रिय सिल्वो,

दाराला अडकवलेलं पत्र बघून तू आधी गाडी सुरू करशील, इंजिन तापत ठेवशील आणि मग चष्मा शोधशील, हे मला माहीत आहे. आज तसं करू नकोस. किल्ली दारिंकाच्या हातात दे आणि पायरीवर बस. बाबांचा नियम तुला आठवत असेल. चालकाला वाईट बातमी फोनवर द्यायची नाही. ती लिहायची आणि पुढच्या गावच्या टपाल कचेरीत धाडायची, म्हणजे माणूस गाडी उभी करूनच ती वाचतो. आजी गेल्याचं त्यांना स्कोप्येच्या टपाल कचेरीत कळलं होतं, चार दिवसांनी, आणि मिरच्यांनी भरलेला ट्रक त्यांनी तरी शांतपणे घरी आणला होता. ज्या रस्त्यावर आईची पत्रं त्यांची वाट बघत पडून असायची, त्याच रस्त्यावर तू हौसेने निघालास. तेव्हा एक पत्र तुझ्याही वाट्याला. कागदावर जागोजागी काळं दिसेल. ती शाई नव्हे.

मला क्रमाने सांगू दे. तू मला नेहमी मध्येच तोडतोस, कागदाला ती भीती नाही.

सव्वादहाला मी फाटकातून आत आलो तेव्हा तुमची बोट नुकतीच सुटली होती. तुमची कॅम्पर, ते चाकांवरचं घर, दारिंकाची ती ‘गोगलगाय’, झाडाखाली कुलूपबंद उभी होती. कॅम्पचा म्हातारा मेतोदी चुलीवर मिरच्या भाजत होता आणि धुराने डोळे पुसत होता. मी तुझं नाव घेतलं तर हसला. “कोण, तो घड्याळवाला? दहाची बोट, चारला परत, साडेचारला डोंगर. काचेवर वेळापत्रक चिकटवलंय त्याने, वाचा. मी म्हटलं, बाबा रे, मठ सहा-सातशे वर्षं तिथेच आहे, तळंही कुठे पळत नाही, उद्या जा. तर म्हणतो, उद्याच्या रकान्यात दुसरं काही लिहिलंय.” मग मला खालीवर न्याहाळून विचारलं, “तुम्ही त्याचे कोण?” भाऊ म्हटल्यावर त्याने हातातली मिरची टाकली. पुढे काय म्हणाला ते मी आत्ता लिहीत नाही.

साडेचारला डोंगर. हा रस्ता मी बाबांबरोबर एकदा केलाय, सोळा वर्षांचा असताना. वर जाताना तळं डावीकडे, आणि वळणावर कठडा असलाच तर गुडघ्याइतका. उतरताना ब्रेक तापतात, ब्रेक तापले की रिम तापते, आणि रिम तापली की टायर. तू इंजिनिअर आहेस, तुला मी काय सांगायचं. तरी सांगतोय. गोष्ट टायरचीच आहे.

घरचं सगळं ठीक आहे. सोमवारपासून आपल्या खोऱ्यात बुर्या वारा सुटला होता. वर्कशॉपच्या छपरावर आणखी चार दगड ठेवले. द्राक्षं अर्धी उतरली, साखर यंदा चांगली आहे म्हणतात. आईच्या कबरीवर वाऱ्याने दिवा उलटला होता, तो उभा केला. तुझ्या नावाचाही एक लावला. असं काही मी या सहा वर्षांत केलं नव्हतं.

त्या सहा वर्षांबद्दल आपण दोघंही बोललो नाही, आणि गेल्या बुधवारी तू आलास तेव्हाही बोललो नाही. सहा वर्षांपूर्वी आईच्या अंत्ययात्रेनंतर आपण जेवायला बसलो होतो. शववाहिकेच्या पुढच्या टायरात हवा कमी आहे, पाऊण बार तरी, असं मी पाद्रीबुवांना सांगत होतो. खरंच कमी होती, मी मोजली होती. तू पेला ठेवलास आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असा म्हणालास, “विन्को, पुरे. आठवी शिकलेल्या पंक्चरवाल्याने आज तरी व्याख्यान देऊ नये.” लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मी तुझ्यासारखा ल्युब्ल्यानात शिकलो नाही हे खरं. मी जर्मन शिकलो ती टायरच्या तक्त्यांवरून, गणित शिकलो ते ॲक्सलवरच्या वजनांवरून, आणि चाळीस वर्षांत माझ्या हातून बसवलेला एकही टायर परत आला नाही. एकही नाही. हे वाक्य मी गेल्या बुधवारपर्यंत कुणालाही सांगू शकत होतो.

बुधवारी तू फाईल घेऊन उतरलास. सात रकान्यांचा तक्ता होता: ओल्या रस्त्यावरचं ब्रेकचं अंतर, आवाज, डिझेलचा खर्च. अक्षर अजून तसंच सुरेख आहे तुझं. मी एकच विचारलं, “मागच्या ॲक्सलवर वजन किती?” आणि तू तक्त्यात तो रकाना शोधू लागलास. खोटं कशाला बोलू, ते बघायला मला मजा आली. मग आपण गाडी घेऊन वायनरीच्या काट्यावर गेलो, द्राक्षांच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत. काट्यावरची मार्टा खिडकीतून ओरडली, “ही कुठली जात रे विन्को? साखर किती निघेल हिच्यात?” तू म्हणालास, “बायकोच्या लोणच्यांच्या बरण्या आहेत, साखर शून्य.” आणि दारिंका आतून, “बरण्या काढा म्हणाल तर मी पण उतरते!” आपण तिघंही हसलो. काटा म्हणाला, मागच्या ॲक्सलवर एकोणीसशे साठ किलो. मग मी एकेक चाक चढवून घेतलं. मागचं डावं एक हजार चाळीस, उजवं नऊशे वीस. पाण्याची टाकी, चूल आणि त्या बरण्या, सगळं डावीकडे आलेलं. तू ते वहीत लिहून घेतलंस. मीही घेतलं, डोक्यात.

परत आल्यावर मी तुला समजावलं, आणि त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. सामानाच्या गाडीचा टायर तुला चालणार नाही. सामानाची गाडी संध्याकाळी रिकामी होते, रात्रभर तिचा टायर श्वास घेतो. घर कधी रिकामं होत नाही. ते हिवाळाभर भरलेलंच, एका जागी, एकाच अंगावर उभं असतं. म्हणून कॅम्परचा टायर वेगळा: बाजूची भिंत जाड, मागे साडेपाच बार हवा सोसणारा. आणि असा टायर झिजून मरत नाही. त्याची नक्षी नव्यासारखी राहते आणि तो आतून वाळतो. नक्षीकडे बघून कॅम्परचा टायर पारखणारा माणूस म्हणजे दात बघून म्हाताऱ्याचं वय सांगणारा. कवळी असली की फसला. यावर तू हसलास आणि म्हणालास, “म्हणूनच तुझी ती पाटी.”

पाटी तुला आठवतेच. वर्कशॉपच्या भिंतीवर, लाल रंगात: इथे तारीख बाहेरच्या बाजूला. टायर कोणत्या सालच्या कोणत्या आठवड्यात बनला ते चार आकडे त्याच्या एकाच बाजूला छापलेले असतात. दुसऱ्या बाजूला तीच अक्षरं असतात, पण ते शेवटचे चार आकडे नसतात. बाकीचे लोक कसाही बसवतात. मी नाही. गिऱ्हाईकाने उभ्या उभ्या खाली बघावं आणि वय वाचावं, हा माझा धर्म. तू म्हणायचास, “एक दिवस हा माणसांच्या कपाळावरही जन्मसाल गोंदेल.”

मी तुझ्यासमोर पुरवठादाराला फोन लावला. चार टायर, तुझ्या मापाचे, सोमवारी मिळणार होते. तू वेळापत्रकावर बोट ठेवलंस: शुक्रवार, सकाळी सहा. मी म्हटलं, “तीन दिवस थांब. या प्रवासासाठी तीस वर्षं थांबलास.” तू म्हणालास, “नोव्हा गोरित्सात आजच मिळतात. विचारून आलोय.” “मग इकडे कशाला आलास?” तर तू किल्ली हातात खेळवत म्हणालास, “दारिंका म्हणाली म्हणून.”

सिल्वो, तू ते सहज म्हणालास. तुला ते वाक्य आठवतही नसेल. पण तू दाराकडे वळलास आणि मला दिसलं की तू आता गोरित्साला जाणार, त्या पोरासोरांच्या दुकानात, जिथे हवा भरायलाही यंत्राचं बटण दाबतात, आणि तिथून परस्पर निघून जाणार. पुन्हा सहा वर्षं. नाहीतर एकदम माझ्या अंत्ययात्रेलाच. आणि माझ्या तोंडून निघालं, “थांब. वर चार आहेत.”

इथे मी तासभर थांबलो होतो. मेतोदी कॉफी देऊन गेला, आणि “भावाला असं पत्र लिहितात? तो तर तळ्याच्या पलीकडेच आहे” म्हणून गेला. आता दीड वाजलाय. पुढे लिहितो.

वर काय होतं ते ऐक. गोरित्सियाचे दाताचे डॉक्टर फुर्लान, पलीकडच्या इटालियन बाजूचे, त्यांची गाडी तुझ्याच मापाची होती. त्यांनी पाच कॅम्पर टायर विकत घेतले, चार आणि एक जादा, आणि सांगितलं, शरदात येऊन बसवून घेतो, तोवर तुझ्याकडेच राहू दे. शरदात त्यांची पत्नी आली, काळ्या कपड्यांत. गाडी विकली, टायर तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाली. आपल्याकडे लोक टायर ठेवून जातातच, हिवाळ्याचे उन्हाळ्यात, उन्हाळ्याचे हिवाळ्यात. माझ्या माळ्यावर नव्वद गाड्यांचे टायर झोपलेले असतात. तिथे ऊन येत नाही, ओल येत नाही, बुर्याही येत नाही. फुर्लानचे पाच मी काळ्या पिशव्यांत ठेवले आणि दर तीन महिन्यांनी पाव फेरा फिरवत राहिलो, म्हणजे एका अंगावर बसायला नकोत. लोक डुकराच्या मांडीचं मांस वाळवतात तसं मी ते जपलं. कशासाठी, विचारू नकोस. मला चांगली वस्तू टाकवत नाही.

बुधवारी वर चढलो, पिशवी सोडली. नक्षीवरचे ते बारीक रबराचे केससुद्धा जागच्या जागी होते. अंगठ्याचं नख रोवलं, रबर दबलं आणि परत वर आलं. या अंगठ्यावर माझा किती विश्वास आहे ते तुला माहीत आहे. आकडे न बघता वय सांगून मी पैजा जिंकल्यात. अंगठा म्हणाला, तीन वर्षं, फार तर चार. मग मी आकडे वाचले. मी वाचले नाहीत असं मी म्हणणार नाही. एकदा वाचले, पुसून पुन्हा वाचले. आणि खाली तुझ्या गाडीच्या दाराचा आवाज आला, तू निघतोस की काय म्हणून मी चारही टायर एकामागून एक खाली सोडले.

बसवताना तू आणि दारिंका अंगणात अंजिरं खात होतात. यंत्रावर टायर चढवताना तो कोणत्या बाजूने ठेवायचा हे माझा हात आपोआप करतो, चाळीस वर्षं. त्या दिवशी मला प्रत्येक वेळी हाताला थांबवून टायर उलटा करावा लागला. चार वेळा.

मग तू आलास आणि पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलास. मला वाटलं संपलं. तू बोट फिरवत अक्षरं शोधलीस, सापडली, शेवटपर्यंत वाचलीस, आणि मान डोलावलीस. शेवटी चार आकडे असायला हवेत आणि ते तिथे नाहीत, पाटी भिंतीवर तुझ्या डोक्यावर दोन हातांवर, हे तुला कळलं नाही. तू वर बघून विचारलंस, “नवेच आहेत ना?” मी म्हणालो, “न वापरलेले.” शब्द खरा होता. आणि सिल्वो, भीती वाटायच्या आधी, एक क्षणभर, मला आनंद झाला होता. इंजिनिअरला कळलं नाही. पंक्चरवाल्याला कळतं. हे लिहायला मला इतकी पानं लागली.

तू पाकीट काढलंस, मी हात आडवा केला. भावाकडून, म्हणालो. तेव्हा तू मला मिठी मारलीस. तुझ्या पाठीवर किती कमी मांस उरलंय हे मला तेव्हा कळलं. आणि दारिंका म्हणाली, “आता मी मागच्या पलंगावर निवांत झोपत जाईन. खाली विन्कोचे टायर आहेत.” मी तिच्यावर ओरडलोच. चालत्या गाडीत झोपायचं नाही, पुढे बसायचं, पट्टा बांधायचा! ती हसून म्हणाली, “कंबर तुमची दुखते की माझी?” तुम्हाला वाटलं नेहमीचा विन्को, नियम सांगतोय. तो पलंग मागच्या डाव्या चाकाच्या बरोबर वर आहे. मागचा टायर फुटला की त्याचा पट्टा चाबकासारखा फिरतो आणि पातळ तळ फाडून आत येतो. मी अशा गाड्या उघडून बघितल्या आहेत. एकीत भांड्यांचं कपाट चुरा झालं होतं. पलंग होता की नाही, मी त्या वेळी बघितलं नव्हतं. गेले आठ दिवस मी तेच आठवायचा प्रयत्न करतोय.

शुक्रवारी सकाळी सहाला तुम्ही हॉर्न वाजवत गेलात. मी स्वतःशी वाद घालत राहिलो. दहा वर्षं ही मर्यादा पुस्तकातली, ती उन्हात उभ्या टायरची, माझ्या माळ्यावरच्या नव्हे. पुस्तक लिहिणाऱ्याने माझा माळा बघितलेला नाही. शनिवारी हा युक्तिवाद चालला, रविवारीही चालला. सोमवारी नवे चार आले. ती मागणी रद्द करायला माझा हात फोनकडे गेलाच नव्हता. नवे बघितल्यावर मला फुर्लानच्या पाचव्याची आठवण झाली. जादाचा. तो वरच होता. मंगळवारी मी तो रिमवर चढवला, साडेपाच बार हवा भरली, ट्रकचे टायर भरायचा लोखंडी पिंजरा आहे त्यात ठेवला आणि पिंजरा अंगणात उन्हात ओढला. मंगळवारी दिवसभर तो गुपचूप राहिला. मी दर तासाला हवा मोजत होतो आणि दर तासाला माझी छाती जरा रुंद होत होती. रात्री मी दोन पेले तेरान वाइन प्यायलो. काल बुधवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, ऊन पिंजऱ्यावर आलं आणि तो फुटला. वर्कशॉपच्या दोन काचा गेल्या. शेजारची अलोय्झिया कुंपणावरून ओरडली, “विन्को! जिवंत आहेस ना रे?” मी हो म्हणालो. टायर भिंतीतून फाटला होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा, वीतभर. नक्षीला काही झालं नव्हतं. केससुद्धा जागच्या जागी.

तुमचे फोन बंद. रविवारखेरीज चालू करायचे नाहीत, ही तुझीच हौस, बाबांसारखं जायचं म्हणून. मी तुझ्या पोलोनाला फोन केला. ती म्हणाली, “काका! तुम्ही दोघं बोलायला लागलात ना, मी ऑफिसात रडले हो. काय झालं?” मी म्हणालो, काही नाही, हवा किती ठेवलीय ते विचारायचं होतं. तिलाही खोटंच. अर्ध्या तासात चार नवे टायर माझ्या जादा रिमवर चढवले, व्हॅनमध्ये टाकले आणि निघालो. तुझं वेळापत्रक माझ्याकडे होतं, तूच दिलं होतंस, अभिमानाने. गुरुवारचा रकाना मला पाठ झाला होता.

साडेबाराशे किलोमीटर, सिल्वो. रस्त्याच्या कडेला फाटलेल्या टायरची सालपटं पडलेली असतात, एरवी कोण बघतं. मी प्रत्येक सालपटापाशी वेग कमी केला. रुंदी किती, नक्षी कुठली. बेलग्रेडच्या अलीकडे एक, मग नीशच्या पुढे एक मोठं, गवतात अर्धं, त्याच्या पुढे डांबरावर घसरल्याच्या दोन काळ्या रेघा कठड्याच्या दिशेने. मी गाडी थांबवून उलट चालत गेलो. जोड्याने ते उलटं केलं. ट्रकचं होतं. मी तिथे कडेला बराच वेळ बसून राहिलो, आणि एका सर्बियन चालकाने थांबून पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, “कोण गेलं, काका?”

आज सकाळी इथे आलो, मेतोदीशी ते बोलणं झालं, आणि मग विजेरी घेऊन तुमच्या गाडीखाली सरपटत शिरलो. आधी मागचं डावं. आतल्या बाजूला, जिथे मी आकडे लपवले होते, त्यांच्यापासून चार बोटांवर, अर्ध्या कांद्याएवढं टेंगूळ आलंय. हात लावला तर मऊ लागलं, बाकीचा टायर टणक असताना. आकडे तिथेच आहेत: २२१४. दोन हजार चौदा सालचा बाविसावा आठवडा. अकरा वर्षं. पुढच्या उजव्यालाही भिंतीत चिरा आहेत, केसासारख्या, वाकवल्या की उघडतात. मी आधी डाव्याची हवा सोडली, हळूहळू, तोंड वळवून. हवेला जुन्या तळघराचा वास होता.

आता सव्वातीन झालेत. कागदावरचे डाग माझ्या हातांचे आहेत. लिहिता लिहिता मी मधे मधे उठत होतो, त्यात चारही चाकं बदलून झाली. नवे टायर त्याच कंपनीचे, तीच नक्षी. मी घरून काय ठरवून निघालो होतो तेही सांगून टाकतो. तुला सांगायला मी आलोच नव्हतो. तुम्ही नसाल तेव्हा चाकं बदलायची, चाकांवरच्या तुमच्या टोप्या परत बसवायच्या, आणि नव्या टायरांवर रस्त्याची धूळ मारायची. त्यासाठी मी ब्रशही आणलाय. मग बोट यायच्या आत निघून जायचं. तुला कधीच कळलं नसतं. डोंगर तुम्ही सुखाने ओलांडला असता, दारिंका निवांत झोपली असती, आणि नाताळला तू मला बोलावलं असतंस. पण मी भाऊ म्हटल्यावर मेतोदीने मिरची टाकून माझे दोन्ही हात धरले होते आणि म्हणाला होता, “मग तुम्हीच ते! काल संध्याकाळी सगळ्या कॅम्पला सांगत होता तो. आईच्या जेवणाला माझ्या भावाला मी नको ते बोललो, म्हणे, आणि त्याने बघा, एक पैसा न घेता टायर दिले; टायरमधलं त्याच्याइतकं आमच्या देशात कुणाला कळत नाही. डोळे पुसत होता हो, आणि मिरच्यांची चूल तर तेव्हा पेटवलीही नव्हती.” म्हणून हे पत्र लिहिलं. तू माफी मागितलीस ती एका खोट्या माणसाची, ती मला ठेवून घेता येत नाही. ब्रश वापरला नाही. तुझ्या पायरीला टेकवून जो जुना टायर उभा आहे तो मागचा डावा. टेंगळाची बाजू तुझ्याकडे आहे आणि तारीख बाहेरच्या बाजूला, खडूने गोल केला आहे; दारिंकालाही वाचू दे. चारही चाकांचे बोल्ट एकशे ऐंशी न्यूटन-मीटरवर आवळले आहेत, पण पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, म्हणजे डोंगर उतरून पलीकडच्या तळ्यापाशी. पाना पायरीखाली ठेवला आहे, मापावर लावलेला, त्याची मूठ फिरवू नकोस. ते काम तुला एकट्याला जमेल. मी फाटकापाशी मेतोदीच्या बाकावर सहापर्यंत बसतो. तुझ्या मागून त्या तळ्यापर्यंत मी यावं असं वाटलं तर जाताना तिथे थांब, नाहीतर हळू न होता निघून जा, मला समजेल.

तुझाच,
विन्को